ती स्लाइड पुन्हा पाहणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,

आपली भेट कधी झालेली नाही. बाबांच्या बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मज्जेची, स्लाइड दुसऱ्या मतासाठी तुमच्याकडे आली, एवढीच ओळख. आणि तुमचा एक फोन. त्या फोनसाठी हे पत्र.

त्याआधी दीड वर्ष आमच्या घरात दोन फायली होत्या. एकीत ताप, अंगावरचे दुखरे लाल चट्टे, सुजलेले गुडघे, छातीच्या स्कॅनमधले डाग. ती संधिवाताच्या डॉक्टरांची. दुसरीत ८ च्या वर न जाणारं हिमोग्लोबिन, ११२ वर पोचलेला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा वाढलेला आकार, आणि एमडीएसचं निदान, म्हणजे मज्जेत रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार. ती रक्तविकाराच्या डॉक्टरांची. दोघांनीही मनापासून उपचार केले. पण दोन आजार एकाच माणसाच्या वाट्याला आले, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. स्टिरॉइडचा डोस ४० मिलिग्रॅम असला की बाबा माणसात यायचे. १५ च्या खाली आणला की चार दिवसांत ताप परत.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, "त्यांचा कान लाल होऊन दुखतो का हो?" हो म्हटल्यावर दुसरा, "पाळीसकट, की पाळी सोडून?" मला सांगता येईना. फोन तसाच कानाला लावून मी त्यांच्या खोलीत गेले. उजवा कान वरून सुजलेला, लालबुंद, हाताला कढत लागणारा. खालची मऊ पाळी मात्र नेहमीसारखी. चष्म्याची काडी कानावर टेकवत नव्हती, म्हणून बाबा चष्मा हातात धरून पेपर वाचत होते. हे मी कित्येक महिने बघत होते आणि एकाही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. कानाचा आणि रक्ताचा काय संबंध, असं वाटायचं. पाळीत कूर्चा नसते म्हणून ती सुजत नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं.

मग तुम्ही स्लाइडबद्दल बोललात. रक्तपेशी तयार करणाऱ्या कोवळ्या पेशींत गोल गोल पोकळ्या दिसत होत्या. पहिल्या रिपोर्टातही त्यांचा उल्लेख होता, एका ओळीत. तांब्याच्या कमतरतेनं किंवा दारूनंही अशा पोकळ्या दिसतात, म्हणून तुम्ही आधी तांब्याची पातळी तपासायला लावलीत आणि मग यूबीए१ या जनुकाची तपासणी. नेहमीच्या जनुकीय पॅनेलमध्ये हे जनुक असेलच असं नाही, नाव घेऊन मागा, असं दोनदा बजावलंत. मागितलं. दोष तिथेच निघाला. आजाराचं नाव व्हेक्सास.

हे नावच २०२० सालचं आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तेव्हा पहिल्या २५ रुग्णांची नोंद केली, सगळे पुरुष. पेशीतली टाकाऊ प्रथिनं खूण करून मोडीत काढायची, त्या कामाची सुरुवात यूबीए१ करतं. मज्जेतल्या एका मूळ पेशीत ते बिघडतं आणि तिच्यापासून झालेल्या पेशी शरीरभर दाह पेटवत फिरतात. म्हणजे कान, फुप्फुस, कातडी आणि हिमोग्लोबिन, सगळ्यांचं मूळ एकच. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषांत ते गुणसूत्र एकच, म्हणून बहुतेक रुग्ण पन्नाशीपुढचे पुरुष.

तेव्हा मी घाबरत विचारलं होतं, माझ्या मुलाला होईल का? तुम्ही लगेच म्हणालात, "नाही. हा दोष जन्मानंतर मज्जेत झालेला आहे, तो पुढे जात नाही." मॅडम, त्या रात्री मी कित्येक दिवसांनी झोपले.

आता दोन्ही डॉक्टर एकाच फाइलवर लिहितात. ॲझासायटिडिन हे औषध सुरू आहे. २८ दिवसांच्या सायकलमध्ये ७ दिवस पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. पहिले दोन महिने वाईट गेले, पेशी आणखी उतरल्या, मी औषध बंद करा म्हणायच्या बेतात होते. परवा सातवी सायकल संपली. स्टिरॉइड ७.५ वर आलंय, दोन महिने रक्त चढवावं लागलेलं नाही. मुळासकट जायचं तर मूळपेशी प्रत्यारोपण हाच मार्ग, पण ६८ व्या वर्षी, या फुप्फुसांनिशी, तो धोका घ्यायचा का, यावर बोलणी चालू आहेत.

एमडीएस असलेल्या वडिलांना वा नवऱ्याला ताप, चट्टे किंवा कानाची सूज असेल, तर हे पत्र वाचणाऱ्यांनी दोन्ही डॉक्टरांना दोन्ही फायली दाखवा. कानाचा फोटो काढून ठेवा. सूज ओसरली की सांगून कुणाला पटत नाही.

एक विनंती आहे. त्या स्लाइडचा फोटो मिळेल का? बाबांना त्या पोकळ्या स्वतः बघायच्या आहेत, चष्मा लावून.

आपली कृतज्ञ,
तुमच्या एका पेशंटची मुलगी