उर्वशीची अट कुठे गेली?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत समांतर जगांतल्या प्रेमकथांवरचा लेख वाचला. हा प्रकार मराठीला नवा आहे, हे त्यातलं विधान मात्र घशाखाली उतरेना.

मी तालुक्याच्या गावी वाचनालय सांभाळते. कॉलेजच्या मुली परीराज्यातल्या राजपुत्रांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं मागतात, म्हणून मीही चार-पाच वाचून काढली. वेळ बरा जातो. पण नायिका या जगातून त्या जगात अशी ये-जा करते, जणू लोकलचा पासच काढलाय. जाताना काही गमवावं लागत नाही, येतानाही नाही.

आता आपली पुरूरवा राजा आणि उर्वशी अप्सरेची गोष्ट घ्या. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ९५व्या सूक्तात, १८ ऋचांमध्ये, दोघांचा संवाद आहे. तोही ताटातुटीनंतरचा. 'दुरापना वात इवाहमस्मि', मी वाऱ्यासारखी हाती न लागणारी, असं सांगून ती त्याला घरी परत जायला सांगते. असं का, ते शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात कळतं. माणसाबरोबर राहायला ती तयार झाली होती ती अट घालून: तू मला कधी विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांना ती परत हवी होती. त्यांनी रात्री तिच्या पलंगाला बांधलेली कोकरं पळवली. इथे कोणी पुरुषच नसल्यासारखी माझी लेकरं नेताहेत, असं ती ओरडली. हा तसाच उठून धावला आणि गंधर्वांनी नेमकी वीज चमकवली. संपला संसार. पुढे तिला शोधत तो एका तळ्याशी पोचतो, तर ती सख्यांबरोबर पाणपक्षी होऊन पोहत असते. इतक्या वर्षांत मला याहून सुंदर 'दुसरं जग' वाचायला मिळालेलं नाही. (कालिदासाने नाटकात शेवट गोड केला. मला तो तितकासा पटत नाही.)

स्कॉटलंडच्या टॅम लिनच्या जुन्या कथागीतातही हेच. परीराणीच्या तावडीतून प्रियकराला सोडवायचं, तर तो हातात साप होवो की तापलेलं लोखंड, जॅनेटने मिठी सोडायची नाही. मी वाचलेल्या नव्या पुस्तकांनी मिठी तेवढी ठेवली, चटका काढून टाकला.

अप्सरांच्याच पुढे आपल्या गावोगावच्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, झाल्या. माझ्या आजोळच्या विहिरीवर शेंदूर फासलेले सात दगड होते. आजी त्यांच्यापुढे हिरवा खण आणि दहीभात ठेवायची आणि परतताना आम्हाला मागे वळून पाहू द्यायची नाही. डोहातल्या भांड्यांची गोष्ट तिच्याचकडून ऐकली. अशी गोष्ट महाराष्ट्रात कितीतरी तळ्यांबद्दल सांगतात. घरात लग्न निघालं, की आदल्या रात्री काठावर हळदकुंकू वाहून भांडी मागायची. सकाळी तांब्यापितळेची भांडी काठावर हजर. कार्य झालं, की घासूनपुसून परत सोडायची. एकदा कुणाला तरी मोह झाला आणि एक पळी घरातच राहिली. तेव्हापासून डोह गप्प आहे.

सरोजिनी बाबर यांच्या लोकसाहित्य समितीने बायकांच्या तोंडच्या ओव्या, कहाण्या गोळा करून खंडच्या खंड काढले. आमच्याकडे त्यातले थोडे आहेत, पण ते कुणी घरी नेत नाही. आपल्या तरुण लेखकांनी निदान चाळावेत. ती पळी कुणी ठेवून घेतली, कोणत्या मुलीच्या लग्नात, आणि पाण्याखालून ती परत मागायला कोण वर आलं? एवढ्यावर एक कादंबरी होईल. कुणी लिहिलीच, तर आमच्या वाचनालयासाठी दोन प्रती आधीच सांगून ठेवते.

– आपली एक वाचक, जि. सातारा