नानांची फियाट

लातूर, औसा रोड

प्रिय पक्या,

तेराव्याला येता आलं नाही म्हणून तू फोनवर सारखं वाईट वाटून घेत होतास. सोड आता ते. रात्रभर गाडी हाकत आला असतास तर नानांनीच वरून शिव्या घातल्या असत्या. काकू बरी आहे. जेवायलीय, आल्यागेल्याशी बोलायलीय. चारच्या चहाला अजून नानांचा कप धरून आधण ठेवते, मग तो आमच्यातलं कुणीतरी पिऊन टाकतं.

फोनवर बोलता आलं नाही ते लिहितो. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणून गेला, ‘नानांना गाडीचं भारी वेड होतं बघा.’ होतंच. ओट्यावर बसून, रस्त्याने गेलेल्या गाडीचा नुसता आवाज ऐकून ‘ह्याचा एक प्लग मारंना गेलाय’ असं सांगणारा माणूस तो. तरी मला ते ऐकताना राहून राहून खटकत होतं. गाडीचं वेड असलेली माणसं आपण पाहिलीत की! आपल्या गल्लीतली ती पांढरी कॉन्टेसा आठव. मालक सकाळी कव्हर उचलायचा, बघायचा, पुन्हा झाकायचा. नानांच्या फियाटला कव्हर कधी शिवलंच नाही. तिच्यात कायम कुणी ना कुणी बसलेलं. माहेरी आलेली बाळंतीण, नवरदेव, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली कुणाची तरी म्हातारी. हंगामात मागच्या सीटवर तुरीची पोतीसुद्धा.

परवा कपाट आवरताना त्यांची गाडीची वही सापडली. अडत्याचा माणूस, हिशेब ठेवल्याशिवाय झोप येणार कशी! लाल कापडी बांधणीची चोपडी, मार्केट यार्डातल्या दुकानात असते तसलीच. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, आणि शेवटच्या रकान्यात ‘कोण’. ‘तुळजापूर. ताई, जावई, बारकं.’ ‘अंबाजोगाई. मास्तरांची आई, मेडिकल.’ तुझंही नाव आहे बरं का, बारावीच्या परीक्षेच्या पानावर. पुढे लिहिलंय, ‘पॅड विसरला, परत घरी.’

३० सप्टेंबर १९९३ चं पान मी बराच वेळ उघडं ठेवलं. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे उशिरा झोपलेले, आणि पहाटे ३.५६ ला भूकंप झाला. आपण पोरं अंगणात उघड्यावर गारठून बसलो होतो. उजाडल्यावर रेडिओवर किल्लारीचं नाव आलं आणि नाना गाडी काढून निघाले. औसा, लामजना, किल्लारी. काकूने आणि तुझ्या आईने चुलीवर थापलेल्या भाकऱ्या धोतराच्या पानात बांधून दिल्या होत्या. वहीत एवढंच आहे : ‘भाकरी, चादरी, टिंचर. येताना दोघं, सिव्हिल.’ पेट्रोलचा रकाना कोरा. त्यानंतरही पुष्कळ दिवस तो कोराच आहे. त्या दिवसांतलं ते घरात कधीच बोलले नाहीत. मागच्या सीटचं रेक्झिन मात्र त्यांनी पुढे बदलून घेतलं. का, ते आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

नंतर पाऊस लागला तेव्हा घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. आठवतं, आपण सगळी पोरं त्या फियाटमध्ये कोंबून झोपायचो? गिअर स्टेअरिंगपाशी असल्यामुळे पुढची सीट अखंड, म्हणून तिच्यावर भांडणं. आणि नाना बाहेर, ताडपत्रीखाली, खुर्चीवर. रात्री जाग आली की काचेतून त्यांच्या बिडीचा ठिपका दिसायचा. आपल्याला वाटायचं, गाडीची राखण करायलेत.

आणि नाही, मी त्यांना संत करून टाकत नाहीये. गाडीपुढे त्यांना कधीकधी काही सुचायचं नाही हेही खरं. रविवारी कार्ब्युरेटर खोलला की पेपरवर सगळे जेट, स्प्रिंगा, वायसर ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडायचे, आणि तिकडून कुणी पंखा लावला तर घर डोक्यावर घ्यायचे. मे महिन्यातली तुळजापूरची वारी तर विचारू नकोस. उजनीच्या पुढे चढाला गाडी हमखास बंद. बोनेट उघडून ते पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे. उन्हाने पंपात पेट्रोलची वाफ झाली की पेट्रोल पुढे सरकतच नाही, तो गार झाला की चालते. तोवर आम्ही बाभळीखाली. काकू म्हणायची, ‘ह्यांनी ताप आला म्हणून माझ्या कपाळावर कधी पट्टी ठेवली नाही, आन् हिला बघा.’ नाना हसायचे फक्त.

त्यांचं प्रेम बोलण्यात कधी आलंच नाही बघ. ताईच्या लग्नात, पाठवणीच्या वेळी सगळे रडायलेत आणि हे जावयाला विचारायलेत, ‘टायरात हवा बघितली का? स्टेपनीत?’ मी पुण्याला नोकरीला निघालो तेव्हाही तेच, आणि मी तर एसटीने चाललो होतो! ड्रायव्हरकडे जाऊन विचारून आले.

२०१६ च्या दुष्काळात, मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं तेव्हा, त्यांनी फियाट महिनोन्‌महिने धुतली नाही. कोरडी पुसली तर धुळीने रंगाला चरे पडतात, म्हणून पुसलीही नाही. पोरांनी बोटाने बोनेटवर नावं लिहिली, चित्रं काढली. ज्या माणसाने आपल्याला दाराला टेकूही दिलं नाही, तो म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या, पाऊस आल्यावर निघंल.’

तू पाठवलेला मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचा, म्हणजे फियाटचाच, व्हिडिओ त्यांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची वीस वर्षांची मुदत संपली म्हटल्यावर म्हणाले, ‘मुदत टॅक्सीची संपली. इंजिनची कुटं संपली?’

आता कामाचं. दादाचं म्हणणं, भंगारात नको, पण कुणी हौशी गिऱ्हाईक आलं तर देऊन टाकू. त्याचंही चूक नाही, जागा अडते. काकू म्हणाली, ‘मला चालवता येत न्हाई, पण इकू नका.’ एवढ्यावर विषय मिटला. गाडी माझ्या नावावर करायची आहे. मालक वारल्यावर वारसाने आरटीओला तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरायचा असतो. कळवून झालंय, बाकी कागद जमवायलोय. दर पाच वर्षांनी पासिंग आहेच, त्याची फी २०२२ मध्ये सहाशेची पाच हजार झाली ते नानांनी शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं होतं.

तर तुझ्याकडे काम एवढंच की, कुर्ल्याला जुन्या पार्टवाल्यांकडे जाऊन फियाटच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, बघ. इथे उस्तादांनी सगळीकडे विचारलं, मिळंना. जुना कंपनीचा माल मिळाला तर दोन घे, आणि डुप्लिकेट असला तर घेऊच नको, महिन्यात फाटतो. कुरिअरने पाठवू नको, स्वतः घेऊन ये. दिवाळीच्या आत आलास तर बरं. स्टेशनवर फियाट घेऊन येतो, चालू झाली तर. नाहीतर रिक्षा आहेच.

येताना काकूसाठी काही आणू नको, ती रागावते. आणि निघण्याआधी टायरात हवा बघ.

तुझा,
बाप्या