उत्तर आधी ठरवून पाहणी नको: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

देखरेखीखालील अमली पदार्थ सेवन केंद्र हवे की नको, यावर आधी सभागृहात खडाजंगी होते आणि गरजेची पाहणी मात्र नंतर, झालेल्या निर्णयाला टेकू मिळावा म्हणून केली जाते. हा क्रम बदलावा, एवढ्याचसाठी हे पत्र.

अशा केंद्रात अमली पदार्थ दिला जात नाही. येणारा तो स्वतःच आणतो, निर्जंतुक सुई वापरतो, आणि ओपिऑइडच्या (हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांच्या) अतिमात्रेने त्याचा श्वास मंदावला तर प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडे प्राणवायू व त्या अतिमात्रेवर उतारा असलेले नॅलोक्सोन हे औषध तयार असते. स्वित्झर्लंडमधील बर्नमध्ये १९८६ साली, सिडनीत २००१ मध्ये आणि कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये २००३ मध्ये अशी केंद्रे सुरू झाली. व्हँकुव्हरच्या केंद्रापासून ५०० मीटरच्या आत अतिमात्रेच्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटले, तर उर्वरित शहरात ही घट ९ टक्क्यांच्या आसपास राहिली. समर्थक त्यातले ३५ टक्के सांगतात. मला ते ५०० मीटर अधिक बोलके वाटतात. चार पावलांवर असेल तरच माणूस केंद्रात येतो, कारण खिशात पदार्थ आणि अंगात तलफ असताना कोणी बस पकडून जात नाही. म्हणून मृत्यू किती झाले याच्याही आधी ते कुठे झाले हे पाहावे लागेल. ते घरोघरी, बंद दाराआड आणि विखुरलेले असतील, तर एका केंद्राने फारसे साधणार नाही; तेथे घरात नॅलोक्सोन पोहोचवणे आणि ओपिऑइडऐवजी देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या औषधांचे उपचार वाढवणे अधिक उपयोगाचे ठरेल.

मृत्यूच्या नोंदी, रुग्णवाहिका बोलावल्याची वेळ व जागा, एचआयव्ही व हेपॅटायटिस सीच्या नव्या लागणी, उघड्यावर सापडणाऱ्या सुया हे सारे नकाशावर मांडावे, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नये. सुया गोळा करणारे जिथे फिरतात तिथेच सुया सापडतात, आणि अटकेच्या आकड्यांवरून पोलिसांची गस्त कुठे होती एवढेच खात्रीने कळते.

एक उदाहरण देतो. सुई घेणाऱ्यांना शीर दिसू नये म्हणून अनेक ठिकाणी सार्वजनिक स्वच्छतागृहांत निळे दिवे लावले गेले. तेव्हा काहींनी बाहेरच्या उजेडातच शिरेवर पेनाने खूण करायला सुरुवात केली, तर काही जण आत जाऊन अंदाजाने टोचू लागले, म्हणजे धोका उलट वाढला. ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात येत नाही; ती त्या माणसाशेजारी बसून विचारावी लागते. तो काय घेतो, टोचतो की धूर ओढतो, एकटा असतो का, रात्री किती वाजता घेतो, दाराशी पोलीस दिसले तरी आत येईल का, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? बहुतेक जण धूर ओढणारे निघाले, तर सुईसाठी मांडलेल्या जागा ओस पडतील आणि हवा खेचून घेणारी वेगळी खोली लागेल. मेथॅम्फेटामिन या उत्तेजक पदार्थाचा वापर जास्त असेल तर नॅलोक्सोनचा त्यावर काही उपयोग नाही. कर्मचाऱ्यांची तयारीच निराळी हवी. स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण सोबतचा पुरुषच त्यांना सुई टोचत असेल, तर त्याच्यासमोर त्या खरे सांगणार नाहीत.

रहिवासी आणि दुकानदारांची तक्रारही खरी असते. पायरीवर रक्त लागलेली सुई सापडलेल्या माणसाला आकडेवारी ऐकवू नये. त्याचे म्हणणे आज नोंदवले, तरच वर्षभराने फरक पडला की नाही हे त्याला विचारता येईल.

तेव्हा विनंती अशी की कोणते निष्कर्ष निघाले तर केंद्र उभारायचे आणि कोणते निघाले तर नाही, हे निकष पाहणी सुरू होण्यापूर्वीच जाहीर करावेत. प्रश्नावली ठरवणाऱ्या समितीत अमली पदार्थ घेणाऱ्या किमान दोन व्यक्ती असाव्यात, आणि इतर सदस्यांइतकेच मानधन त्यांनाही मिळावे.

आपला विश्वासू,
सुई-सिरिंज वाटपाचे काम केलेला एक कार्यकर्ता