माझ्या मुलाच्या झोपेची काळजी वाहिल्याबद्दल

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

आपण कामात असता, म्हणून थोडक्यात लिहिते. माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. गेल्या सोमवारी पाळणाघराच्या काकूंनी व्हॉट्सॲपवर कळवलं, पुढच्या महिन्यापासून पहिलीच्या पुढची मुलं ठेवणार नाही. मोठी मुलं दंगा करतात, रांगणाऱ्यांच्या अंगावर पडतात. काकूंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दोन खोल्यांत त्या तरी काय करणार?

दोन रजा टाकून मी डोंबिवलीत पाच ठिकाणं पालथी घातली. एका वन बीएचकेत चौदा मुलं, एक मावशी आणि दिवसभर कार्टून. परवाना विचारला तर बाईंनी गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद, पुढे केला. फरसाणाच्या दुकानात भिंतीवर टांगलेला असतो, तोच! दुसरीकडे एसी, सीसीटीव्ही, अबॅकस, महिना नऊ हजार. सातनंतर दर अर्ध्या तासाला शंभर रुपये वेगळे. गाडी लेट झाली तर ते शंभर मी कुणाकडे मागायचे? तिसरीकडे मी संडास बघायला मागितला, तर त्यांनी मलाच वरून खालपर्यंत बघितलं. बाकीच्या दोघांनी वय ऐकूनच नाही म्हटलं.

आता सकाळचं ऐका. फेब्रुवारी 2024 मध्ये शिक्षण खात्याचा शासन निर्णय निघाला, चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका, मुलांची झोप पूर्ण होत नाही. ते खातं वेगळं, ठाऊक आहे. पण मूल एकच आहे हो. आधी मी त्याला सातच्या शाळेत सोडून पावणेआठची फास्ट पकडायचे. आता शाळा नऊची आणि माझी गाडी तीच. म्हणून त्याला अजूनही सहालाच उठवते, पेंगत पाळणाघरात नेते, तिथून रिक्षाकाका त्याला शाळेत नेतात. दुपारी पुन्हा तेच उलट. झोप वाढली ती बहुधा कागदावरच.

आपल्या खात्याची 'पाळणा' योजना सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ऑफिसात पाळणाघर हवं, असं 2017 पासून कायदा म्हणतो, पण तिथेही दुसरीतलं पोर कोण घेतंय? शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस, 800 तास. भागाकार केला तर दिवसाला चार तास. माझी नोकरी प्रवास धरून बारा तासांची. मधले आठ तास मुलाने कुठे काढायचे, हे सांगणारं कलम मला सापडलं नाही. उलट सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांतले कामाचे तास नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. त्या बैठकीत कुणाला घरी पोर नव्हतं का? असेल, पण ते बाई सांभाळत असेल.

खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण 2016 साली अख्ख्या राज्याने सीसीटीव्हीत पाहिली. केवढा गदारोळ झाला होता. आज मला गुमास्ता दाखवतात!

मागणी मोठी नाही. पालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी कुलूपबंद असतात. ते सातपर्यंत उघडा, दोन प्रशिक्षित ताया नेमा, पोहे-खिचडी द्या, पैसे आम्ही भरू. आमच्याकडच्या एका उमेदवाराने असंच काहीसं पत्रकात छापलं होतं. निवडून आल्यावर ते पत्रक त्यांनाच आठवेना. मी जपून ठेवलंय.

लेडीज डब्यात दाराशी लोंबकळणाऱ्या निम्म्या बायका साडेचारला घरी फोन लावतात, 'पोहोचला का?' विचारायला. मध्य रेल्वेवर अशा लाखभर तरी असतील, मोजायला कोण बसलंय? पाळणाघरातल्या मावशींना लाडक्या बहिणीचे 1500 मिळतात, चांगलं आहे. त्यांचे 2100 होणार होते म्हणे. मी त्यात बसत नाही, आणि मला नकोतही. त्यांचं आठ वर्षांचं पोर मात्र गळ्यात किल्ली अडकवून घरी एकटं असतं. बाई माझा मुलगा सांभाळते, तिचा कुलूप सांभाळतं.

'आजी नाहीत का?' हा प्रश्न पाचही ठिकाणी विचारला गेला. आहेत. चिपळूणला असतात, दोन्ही गुडघे गेलेत. सरकारचं सगळं बालसंगोपनाचं धोरण बहुतेक त्या गुडघ्यांवरच उभं आहे.

हे परतीच्या गाडीत उभ्याने लिहिते आहे. ठाणं गेलं. शेजारच्या काकूंचा आत्ताच मेसेज आलाय, वरणभात खाता खाता ताटावरच झोपला, उठवू का?

आपली,
एक नोकरदार आई, डोंबिवली