आई-बाबा, आता आपण तळमजल्यावर राहत नाही

बंगळुरू, १४ मे

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगून झालं असतं. पण मी वादळाचं बोलायला लागले की बाबा "तुमच्याकडे पाऊस आहे का गं?" असं विचारतात, आणि मग आई भाजीचे भाव सांगते. म्हणून लिहून पाठवतेय. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरांत छापून रविवारी घेऊन जा. वाचून झाल्यावर ड्रॉवरमध्ये टाकू नका, फ्रिजवर लावा.

बातमी तुम्ही पाहिलीच असेल. लक्षद्वीपजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय, ते उत्तरेकडे सरकेल असा अंदाज आहे. त्याचं वादळ होईल का, झालं तर ओमानकडे जाईल की गुजरातकडे वळेल, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगणार नाही. बाबांचं मत मला पाठ आहे: मुंबईला वादळ येत नाही, आलं तरी ऐन वेळी वळतं. २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ वळलं खरं. टीव्हीवाले मुंबईच्या किनाऱ्यावर डोळे लावून बसले होते आणि ते धडकलं श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला. आपण सुटलो. मामाच्या वाडीतल्या पोफळी मात्र एका दुपारीत आडव्या झाल्या, आणि त्यानंतर त्या बाजूला वीज कधी आली ते आईला विचारा.

पुढच्या वर्षीचं ‘तौक्ते’ तर मुंबईला आलंच नव्हतं. बाहेरच्या बाहेर समुद्रातून गुजरातला गेलं. तरी १७ मे २०२१ ला कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरला पोचला आणि सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला, तोही मे महिन्यात. विमानतळ बंद, सी-लिंक बंद, रस्तोरस्ती झाडं पडलेली. तिकडे समुद्रात बॉम्बे हायच्या तेलविहिरींजवळ पी-३०५ ही कामगारांची बार्ज बुडाली, त्यातली कितीतरी माणसं परत आली नाहीत. तेव्हा ‘वळलं’ या शब्दावर फार विसंबू नका. तुम्ही त्या वेळी चेंबूरच्या भाड्याच्या घरात होतात, पहिल्या मजल्यावर, चहूबाजूंनी इमारती. तुम्हाला तो वारा नीटसा कळलाच नाही.

आणि माझा खरा मुद्दा तोच आहे. तुमचा दोघांचा सगळा अनुभव खालच्या मजल्यांचा आहे. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी आपल्या कुर्ल्यात शिरली, तेव्हा नेहरूनगरच्या त्या जुन्या घरात बाबांनी गाद्या माळ्यावर टाकल्या, सिलिंडर ओट्यावर चढवला, आईने तांदळाचा डबा डोक्यावर धरला. त्या कामात तुमचा हात कुणी धरणार नाही. दर पावसाळ्यात तुमची तयारी म्हणजे जमिनीवरचं सगळं उचलून वर ठेवणं. आता रीडेव्हलपमेंट झाली, दिवाळीला ताबा मिळाला, आपण चौदाव्या मजल्यावर आलो. इथे पाणी घरात येणार नाही. नळातही येणार नाही, अडचण ती आहे.

वीज गेली की पंप बंद. गच्चीवरच्या टाकीत जेवढं असेल तेवढं संपेपर्यंत नळ चालेल. वादळाच्या आदल्या दिवशी सगळा टॉवर एकदम बादल्या लावेल, म्हणून तुम्ही त्याच्याही आदल्या दिवशी भरा. प्यायचं वेगळं, कळशीत आणि स्टीलच्या डब्यांत. वापरायचं बाथरूममधल्या पिंपात. फ्लशला किती पाणी जातं याचा अंदाज तळमजल्यावर कधी घ्यावा लागला नव्हता, कारण बाहेर नळ होता. इथे एका वेळेला अर्धी बादली धरा. आणखी एक: खालच्या, जमिनीखालच्या टाकीत पावसाचं गढूळ पाणी शिरू शकतं. वीज आल्यावर नळाला आलेलं पहिलं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी उकळल्याशिवाय प्यायचं नाही.

बाबा, हे तुमच्याकडचं काम. सेक्रेटरींना गाठा. जनरेटरवर काय काय चालतं? एक लिफ्ट आणि जिन्यातले दिवे, की पंपसुद्धा? डिझेल किती तासांचं भरलेलं आहे? जनरेटर आणि मीटरची खोली खालीच आहे, तिथे गुडघाभर पाणी आलं तर काय करणार? गच्चीवर कुणी पत्रे, ताडपत्र्या, फ्लेक्स टाकलेत ते आधी काढून घ्या किंवा नीट बांधा. तो पत्रा सुटला तर कुणाच्या खिडकीत जाईल ते सांगता येत नाही. तुम्ही चाळीस वर्षं रेल्वेत हिशेब विचारत काढलीत, सेक्रेटरी तुम्हाला उडवून लावणार नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका, तिथे दोन फुलं आणि नमस्कार एवढंच उत्तर येतं.

आता खिडक्या. पावसाळ्यात आपल्याला सवय पश्चिमेच्या झडीची, त्यामुळे हॉलच्या खिडक्या लावल्या की आई निर्धास्त. वादळाचं तसं नसतं. आपल्या गोलार्धात ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. आपल्या पश्चिमेला समुद्रातून उत्तरेकडे सरकत गेलं तर आपल्याकडे वारा आधी पूर्वेकडून येणार, मग दक्षिणेकडून, आणि शेवटी नैर्ऋत्येकडून. म्हणजे पहिला मार स्वयंपाकघराच्या बाजूला, ड्राय बाल्कनीवर. तिथे आईचा सगळा संसार टांगलेला आहे: वाळत घालायच्या काठ्या, बादल्या, झाडू, कोरफड, तुळस. सगळं आत घ्यायचं. तुळशीची कुंडी आत आली तर तिला काही वाईट वाटणार नाही, आई. आणि गच्चीवर पापड-कुरडया वाळत घातल्या असतील तर त्या उद्याच खाली आणा, आभाळ निरभ्र असलं तरी.

सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. त्यात टॉवर बांधतानाची सिमेंटची माती अजून बसलेली आहे, दिवाळीत मी बघितली. दादाकडून ती टोकरून घ्या, नाहीतर पट्टी भरून पाणी आत ओघळेल. जुने टॉवेल, चादरी हाताशी ठेवा. खिडक्यांच्या कड्या लागतात का तेही त्याला बघू दे, बेडरूममधली एक लागत नव्हती. काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची नाही. टीव्हीवर दाखवतात, पण त्याने काच जराही मजबूत होत नाही. फुटली तर उलट मोठे तुकडे एकत्र पडतात. आणि "दाब सारखा व्हावा म्हणून एक खिडकी किलकिली ठेवा" असं कुणी सांगेल, ऐकू नका. सगळ्या बंद, पडदे ओढलेले. वारा जोरात असेल त्या रात्री बेडरूममध्ये झोपू नका, दोघांचा पलंग खिडकीला चिकटून आहे. दोन गाद्या पॅसेजमध्ये टाका, बेडरूम आणि हॉलची दारं लावून घ्या. चौदाव्या मजल्यावर वारा खालच्यापेक्षा जास्त लागतो, आवाजही भयंकर येतो. नवीन घरात तो आवाज तुम्ही पहिल्यांदाच ऐकाल, म्हणून आधी सांगून ठेवतेय. आवाज म्हणजे इमारतीला काही झालं असं नाही.

आई, तुझं इन्सुलिन. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि तू हेच सगळ्यात शेवटी बघशील, म्हणून ठळक अक्षरांत छापायला सांगितलंय. जास्तीचं एक पेन आणि सुयांची पाकिटं उद्याच आणून ठेव, साखर मोजायच्या मशीनच्या पट्ट्याही. वीज गेल्यावर फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो. दार उघडून "अजून गार आहे का" बघायचं नाही! वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत तीस अंशांच्या आतल्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं. तुझ्या खोक्यातल्या कागदावर नेमकं लिहिलेलं असेल, दादाकडून वाचून घे. न उघडलेली पेनं पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये ठेव, सोबत गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून. बर्फाला थेट टेकवू नकोस, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. आणि बाहेर पडता आलं नाही म्हणून जेवण चुकवून टोचून घ्यायचं नाही. गॅस पाइपचा आहे, तो वीज गेली तरी चालेल, पण शेगडीची ती खटकन पेटणारी कळ विजेवर आहे. काडेपेटी ठेव.

खायचं तू बघशीलच, त्यात मी काय सांगणार. एवढंच म्हणते की फ्रिज भाज्यांनी आणि शिजवलेल्या अन्नाने भरू नकोस. दशम्या, मेतकूट, भडंग, खजूर, दुधाची पावडर. बाबांना चहा मिळाला की अर्धं वादळ संपतं.

बाकी किरकोळ. मोबाइल आणि पॉवर बँक आदल्या रात्री पूर्ण चार्ज. वीज गेल्यावर काही तासांनी नेटवर्कही जाऊ शकतं, तेव्हा सारखे फोन करू नका. सकाळी नऊला आणि रात्री नऊला एक साधा मेसेज, ‘ठीक’ एवढाच. तो आला नाही तरी मी लगेच घाबरणार नाही, मग तुम्हीही घाबरू नका. बाबांचा ट्रान्झिस्टर माळ्यावरच्या निळ्या बॅगेत आहे, सेल नवे घाला. पालिकेचा आपत्कालीन नंबर १९१६ आणि रुग्णवाहिकेचा १०८, दोन्ही कागदावर लिहून दाराला लावा, मोबाइल बंद पडल्यावर आतले नंबर कामाचे नाहीत. मेणबत्त्या नकोत, टॉर्च वापरा. देवापुढचं निरांजनसुद्धा त्या रात्री शांत करा, पडदे आणि वारा एकत्र आहेत. कागदपत्रांचं प्लास्टिकच्या पिशवीत घालणं वगैरे बाबांना येतं, ते २००५ पासून पक्कं आहे.

कामाच्या ताईंना दोन दिवस येऊ नका म्हणून सांगा, पगार कापू नका. त्यांची खोली पत्र्याची आहे आणि नाल्याला लागून. मुलांना घेऊन आपल्याकडे या असं आईने आधीच म्हटलं असेल, म्हटलं नसेल तर म्हण. जायला खरं तर त्यांनाच सांगायला हवं, आपल्याला नाही.

आता बाबांसाठी एक परिच्छेद. मिठीला पाणी किती आलं हे बघायला पुलावर जायचं नाही. वादळ समुद्रात असतानाही गेलेली बहुतेक माणसं घरात बसून गेलेली नाहीत: अंगावर झाड पडून, भिंत पडून, लाटा बघायला जाऊन. २०२३ च्या जूनमध्ये ‘बिपरजॉय’ गुजरातच्या वाटेवर होतं, मुंबईपासून कितीतरी लांब, तरी जुहूच्या समुद्रात पोरं बुडाली. आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये वादळ नसताना, नुसत्या मुसळधार पावसातसुद्धा परळच्या बाजूला एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले, तुम्हीच मला पेपर वाचून दाखवला होतात. मधेच वारा एकदम पडला म्हणून "संपलं" समजून दूध आणायला उतरू नका. चुकून घाण पाण्यातून चालावंच लागलं तर पाय साबणाने धुवा, आणि पायाला जखम असो नसो, दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या त्या तापाची, गोळी वेळेत घेतली तरच उपयोगी.

राहता राहिलं घर सोडायचं की नाही. माझं मत, सोडायची गरज नाही. नवी आरसीसी इमारत आहे, उंचावर आहात. पण सेक्रेटरींकडून जनरेटरचं उत्तर धड आलं नाही, किंवा ‘बघू’ असं आलं, आणि हवामान खात्याने मुंबईला ऑरेंज अलर्ट दिला, तर त्याच दिवशी, लिफ्ट चालू असताना, मुलुंडला मावशीकडे जा. रेड अलर्टची वाट बघू नका. ती पहिल्या मजल्यावर राहते, आणि बाबांच्या गुडघ्याला चौदा मजले एकदा उतरणं जमेल, चढणं नाही. मावशीशी मी बोलले आहे, ती म्हणाली खोली तयारच आहे. दोघांनी भांडून ठरवायला वेळ लागेल म्हणून आत्ताच ठरवून टाकलं. आईचं इन्सुलिन, बाबांची बीपीची गोळी, चष्मे, दोन दिवसांचे कपडे, एवढी एक बॅग दाराशी भरून ठेवा. पोथी घ्यायची तर घ्या, मिक्सर नको.

विमान मिळालं तर मी आधी येईन, पण विमानं कधी बंद होतील त्याचा भरवसा नाही, तेव्हा माझ्यावर अवलंबून काही ठेवू नका. दादा रविवारी खिडक्यांचं करून देईल. सेक्रेटरी डिझेलचं काय म्हणाले ते मात्र मला सोमवारपर्यंत कळवा, आकड्यासकट.

तुमची,
धाकटी

ता. क. आंब्याची पेटी अजून अर्धी आहे असं आई म्हणत होती. बाबांची साखरही आता काठावर आहे. दादाबरोबर ठाण्याला द्या.