खार विसरभोळी नाही

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

जंगलातली कवचाची फळं खाणाऱ्या प्राण्यांवर आपण कालच्या पुरवणीत पानभर मजकूर दिलात, त्याबद्दल आभार. अस्वल, रानडुक्कर, दगडाने कवच फोडणारे चिंपांझी हे सगळे दोन-दोन ओळींत उरकलेत आणि अर्धं पान खारीला दिलंत, तेही एक वेळ चालेल. पण ‘पुरलेली फळं विसरून जंगल लावणारी विसरभोळी माळीण’? लेखकाने खार कधी पाच मिनिटं तरी पाहिली आहे का?

मी सहा महिने पाहिली आहे. मुलाकडे अमेरिकेत होते तेव्हा. तो आणि सून कामावर गेले की घरात मी एकटी, आणि खिडकीबाहेर व्हाइट ओकचं झाड. तिथली खार करडी, आपल्या खारीपेक्षा चांगली मोठी. ओकचं फळ दोन्ही हातांत धरून गरगर फिरवायची, निमुळत्या टोकाला दात लावायची, काहीतरी थुंकायची आणि मग उरलेलं फळ पुरायची. मला वाटलं, चव बघत असेल. एकदा तिच्या तोंडचं एक फळ पडलं ते उचलून आणलं. टोक कुरतडलेलं आणि आतला कोंब गायब! बाकी गर जसाच्या तसा.

मुलाने मग वाचून सांगितलं. व्हाइट ओकचं फळ शरद ऋतूत खाली पडलं की लगेच रुजायला लागतं. रुजलं की त्यातला गर मुळात जाणार आणि खारीच्या वाट्याला फोलपट. म्हणून ती आधी कोंबच काढते, म्हणजे फळ हिवाळाभर टिकतं. रेड ओकचं फळ वसंतात रुजतं, ते ती सहसा तसंच पुरते. आता जी बाई पुरण्याआधी कोंब खुडते, तिला माळीण कोणत्या हिशेबाने म्हणायचं?

दुसरी खार बघत असली तर ही खड्डा उकरायची, नाक खुपसायची, माती थोपटायची आणि फळ तोंडात तसंच धरून पुढे पळायची. विसरभोळ्या माणसाला एवढी लबाडी सुचत नाही.

राहिली स्मरणशक्ती. १९९१ मध्ये दोन संशोधिकांचा याच करड्या खारींवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. खारींना हेझलनट पुरायला दिले आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच जागी सोडलं. शेजारी दुसऱ्या खारींनी पुरलेले नट असूनही प्रत्येकीने स्वतःच्या जागा जास्त उकरल्या. नुसत्या वासावर काम असतं तर असं झालं नसतं. क्लार्क्स नटक्रॅकर नावाचा पक्षी तर एका हंगामात पाइनच्या हजारो बिया लपवतो आणि महिन्यांनंतर बर्फाखालून काढून खातो. तो तुमच्या लेखात नाहीच.

काही फळं जमिनीत राहून रुजतात, हे मलाही मान्य आहे. एखाद्या वर्षी ओकला इतका बहर येतो की कोणाला संपवता येत नाही. शिवाय फळं पुरलेली खारच ससाण्याने उचलली तर ती उकरणार कोण? तिला विसरभोळी म्हणणं म्हणजे मेलेल्या माणसाला गैरहजर म्हणून दंड करणं.

आणि फोटो! मजकूर अमेरिकेच्या करड्या खारीचा, फोटो पाठीवर पट्टे असलेल्या आपल्या खारीचा, पुढ्यात अक्रोड. पट्टे मोजायला तज्ज्ञ लागत नाही.

जाता जाता एक. गेल्या वर्षी माझं पत्र छापलंत, पण त्यातला एक ‘नाही’ गळाला आणि मी ज्याच्या विरोधात लिहिलं होतं त्याच्याच बाजूची ठरले. नणंदेने अभिनंदनाचा फोन केला. या वेळी पत्र कापायचं तर खुशाल कापा, मथळ्यातला ‘नाही’ तेवढा सांभाळा.

आपली,
एक जुनी वर्गणीदार