वरचा बंक घेणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव विचारायचे राहून गेले आणि सकाळी मला नीट जाग आली तेव्हा हॉस्टेलच्या दुमजली पलंगावरचा आपला बंक रिकामा होता, म्हणून हे पत्र असे जाहीरपणे लिहीत आहे.

त्या रात्री मी मुरगळलेला पाय ओढत डॉर्ममध्ये, म्हणजे अनेक प्रवाशांच्या सामाईक झोपायच्या खोलीत, पोहोचले, तेव्हा फक्त वरचा बंक शिल्लक होता. शिडीपाशी मी घुटमळले एवढेच आपण पाहिलेत, अंथरलेली चादर गोळा केलीत आणि मी नको म्हणेपर्यंत वर चढूनही गेलात. त्याबद्दल आपले मनापासून आभार.

मात्र त्याहून अधिक आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या अर्ध्या तासाचे. आपल्याला पहाटे चारला निघायचे होते, म्हणून खोलीतले दिवे मालवण्याआधीच आपण खाली बसून सगळी सॅक भरून ठेवलीत. सामानाबरोबर आलेले ढेकूण अंथरुणात शिरू नयेत म्हणून सॅक गादीवर न ठेवता जमिनीवर ठेवलीत, चुरचुरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांमधले कपडे कापडी पिशवीत घातलेत आणि पहाटे लागणारे तेवढेच उशाशी घेतलेत. पहाटेची शांतता आपण रात्रीच तयार करून ठेवली होती, हे मला तेव्हा कळले नाही.

आपला गजर मला ऐकूच आला नाही. पायाच्या ठणक्याने डोळे किलकिले झाले, तेव्हा जमिनीवर लाल उजेडाचा लहानसा ठिपका सरकत होता, आपले बूट आपल्या हातात होते आणि दाराची कडी आपण बोटाने धरून अगदी हळू सोडत होतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर पांढरा झोत पडला, की ते पुन्हा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे जातात. मंद लाल उजेडाने तसे होत नाही. मी लगेच पुन्हा झोपले. आधीच्या एका मुक्कामी कोणाचा तरी फोन उशीखाली वाजत राहिला होता, त्याचा मालक अंघोळीला गेला होता आणि सगळी खोली ताटकळत जागी होती. त्यामुळे आपण दिलेल्या झोपेचे मोल मला नेमके ठाऊक आहे.

रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने १९०९ साली वादळात अडकलेल्या विद्यार्थ्यांसह एका शाळेत रात्र काढली आणि पायी फिरणाऱ्या मुलांना असा निवारा सगळीकडे मिळावा, या काळजीतून युवा हॉस्टेलची कल्पना त्यांना सुचली. आपल्याला ही हकीकत ठाऊक असेल किंवा नसेल. ती काळजी मात्र मी आपल्या वागण्यात पाहिली.

पाय आता बरा आहे. परवाच्या मुक्कामी मी वरचा बंक मागून घेतला आणि सॅक रात्रीच भरली.

आपली कृतज्ञ,
खालच्या बंकवरची सहप्रवासी